‘मीड’बाईंना मराठीत काय म्हणावे?

उंबरठा:
विल्यम लँग्लंड याच्या चौदाव्या शतकातील ‘पियर्स प्लाउमन’ या स्वप्नकाव्याच्या एका भागाचा अनुवाद करताना मी एकाच शब्दापाशी अडले आहे. त्यात ‘लेडी मीड’ नावाची एक रूपकात्मक स्त्री आहे. तिच्या अंगावर सोनेरी फितींचा किरमिजी झगा आहे, बोटांत माणकांच्या अंगठ्या आहेत, आणि तिचे लग्न ‘असत्य’ नावाच्या नवरदेवाशी ठरले आहे. वऱ्हाड वेस्टमिन्स्टरला निघते तेव्हा ती घोड्यावर नव्हे, तर नव्याने नाल ठोकलेल्या शेरीफच्या पाठीवर बसते. ‘मीड’ म्हणजे बक्षीस, मोबदला आणि लाच हे सर्वच असल्यामुळे उपहासाची सारी मदार या संदिग्धतेवर आहे. मी पहिल्या खर्ड्यात ‘लाचबाई’ लिहिले होते. परंतु एका स्नेह्यांनी ते खोडून ‘दक्षिणा’ असे केले, कारण ‘लाच’ म्हटले की राजापुढे सुनावणी होण्याआधीच निकाल लागतो. आपले मत काय?

शुद्धमती:
‘लाच’ हा यावनी शब्द टाळलेलाच बरा. याज्ञवल्क्यस्मृतीत लाचखाऊ अधिकाऱ्यांना ‘उत्कोचजीवी’ म्हटले असून त्यांचे द्रव्य हिरावून त्यांना हद्दपार करावे असे सांगितले आहे. एवढा भारदस्त शब्द घरात असताना उसनवारी कशासाठी?

सातबारा:
‘उत्कोच’ पुल्लिंगी आहे, त्याला झगा कसा नेसवणार? माझी सारी नोकरी कचेरीत गेली. तेथे देणारा किंवा घेणारा यांपैकी कोणाच्याही तोंडून ‘लाच’ हा शब्द मी ऐकला नाही; ‘चहापाणी’ असे आणि ‘चिरीमिरी’ असे. चिरीमिरी स्त्रीलिंगी आहे खरी, पण इतक्या किरकोळ रकमेत माणकाची अंगठी येत नाही, त्यामुळे तीही बाद.

मलप्रभा:
शुद्धमती, ‘लाच’ यावनी नव्हे. संस्कृत कोशांत ‘लञ्चा’ आहे, आणि आमच्या बेळगावकडे कन्नड बोलणारे आजही ‘लंच’ म्हणतात. तेलुगूतही ‘लंचम्’ आहे. तेव्हा हा शब्द दक्षिणेतून संस्कृतात गेला असावा असा माझा कयास आहे.

शुद्धमती:
संस्कृतात असल्यास माझी हरकत नाही. मात्र ‘लाच’ देताना माणूस ‘लाचार’ होतो, यावरून दोन्हींचे मूळ एकच असावे, हे आपणही मान्य कराल.

मलप्रभा:
मुळीच नाही. ‘लाचार’मधील ‘ला’ हा अरबी नकार आणि ‘चार’ म्हणजे फारसी ‘चारा’, अर्थात उपाय. ज्याला उपाय उरला नाही तो लाचार. यावनी शब्द हवाच असेल तर तो हा घ्या.

धातुपाठ:
‘मीड’चेच मूळ पाहिल्यास अधिक गंमत आहे. प्राचीन इंग्रजीत तो शब्द स्त्रीलिंगीच होता. वैदिक ‘मीढ’, म्हणजे स्पर्धेतील बक्षीस, आणि फारसी ‘मुज्द’, म्हणजे वेतन, हे त्याचे सगोत्र आहेत. त्या ‘मुज्द’पासूनच ‘मजदूर’ आणि आपला ‘मजूर’ आले. म्हणजे रक्ताच्या नात्याने मीडबाईंचे मराठी नाव ‘मजुरी’ असे होते.

उंबरठा:
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण येथे ती चालणार नाही. राजा मीडचे लग्न ‘विवेका’शी लावू पाहतो, तेव्हा तो साफ नकार देतो आणि सांगतो की कष्टकरी मालकाकडून घेतो ती मीड नव्हेच, ते मापात बसणारे वेतन आहे. म्हणजे मजुरीला कवीने नावानिशी वगळले आहे. उलट मीड आपल्या बचावात म्हणते की वादक-गायक मीड मागतात आणि उपदेश करणारे पुरोहितही मागतात. पहिले वाक्य वाचताना मला ‘बिदागी’ आठवते आणि दुसरे वाचताना ‘दक्षिणा’. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही सभ्य, आणि पंचाईत हीच आहे.

सातबारा:
मग ‘दक्षिणा’च घ्या. त्याच काव्यात एक भिक्षू तिला गव्हाच्या ओझ्याच्या बदल्यात पापमुक्त करतो आणि मठाच्या खिडकीला काच बसवून दिल्यास तिचे नाव तेथे कोरू म्हणतो ना? आमच्या गावच्या देवळाच्या प्रत्येक पायरीवर एकेक नाव आहे, आणि त्यांतील दोघांना मी कचेरीत चांगले ओळखत होतो.

शुद्धमती:
दक्षिणेला लाचेच्या पंगतीत बसवणे मला मान्य नाही. दक्षिणा यज्ञाचे अंग आहे, आणि असा अनुवाद झाल्यास उपहास इंग्लंडातील भिक्षूंचा न राहता आपल्या गुरुजींचा होईल.

उंबरठा:
लँग्लंडच्या भिक्षूंचीही नेमकी हीच तक्रार झाली असती, असे मला वाटते.

मलप्रभा:
‘बिदागी’ही फारसी वळणाची आहे, हे शुद्धमतींच्या नजरेतून सुटलेले दिसते.

धातुपाठ:
ते असो. ‘लाच’ लञ्चेपासून आली हे ठरले, तर ‘लाचलुचपत’मधील ‘लुचपत’ कोठून आली? ‘लुच्चा’शी तिचे नाते आहे असे मी मानतो, परंतु तो ‘पत’ प्रत्यय मला झोपू देत नाही.