पोरासाठी सरकारी मानसोपचार, कुठं न्यावं? (कळंब, जि. यवतमाळ)

कळंबची_माय: पोरगा १५ वर्षांचा, दहावीत. चाचणीत दोन विषय गेले तेव्हापासून धड जेवत नाही, झोपत नाही. परवा लहान बहिणीले म्हणे 'मी नसलो तं कोणाचं काय अडते'. हातपाय गळाले माहे. सरकारी ठिकाण सांगा, हजाराच्या वर जमत नाही, कापूस अजून घरात यायचा आहे. नागपूर नको.

कापूसवाला_भाऊ: नागपूरलेच न्या ताई. साळ्याच्या पोरीले धंतोलीत दाखवलं, एका टायमाचे १२०० घेते पण डॉक्टर एक नंबर. आम्ही स्पेशल गाडी करून गेलतो.

रिटायर्ड_मास्तर: मोबाईल काढून घ्या. ३१ वर्षं पोरं शिकवली, सगळं मूळ तिथंच आहे.

आशाताई_बाभूळगाव: मास्तर, मोबाईलचं मागून पाहू, आधी फवारणीचं औषध घरातून हलवा. ताई, आजच. डबे दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, पोराले एकटं झोपू देऊ नका आणि त्याले सरळ विचारा, मराचं मनात येते का म्हणून. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट लेकरू मोकळं होते. मग १४४१६ लावा, टेलीमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीबी, मराठीत बोलतात. हो म्हटलं किंवा काही केलंच तर वाट पाहू नका, १०८ बोलवा.

दारव्हेकर: आमच्या गावात रेंजच नाही, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बोला लागते, तिथं अर्धं गाव बसून राह्यते. आणि दवाखान्यात असं सांगितलं की पोलीस केस होते, ३०९ लागते, आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम, जपून.

वकील_पुसद: काहून भेव दाखवता बे? पोरानं काही केलंच नाही, कलम कायचं? आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ पाहा, असा माणूस तणावात होता असंच धरतात, शिक्षा नाही. नवीन न्याय संहितेत तर ते ३०९ राह्यलंच नाही. भरती करा लागलं तर १८ च्या आतल्या लेकराले मोठ्या पेशंटांपासून वेगळं ठेवा लागते, घरचं माणूस सोबत.

लालपरी_फॅन: यवतमाळ मेडिकलले न्या ना, एसटीत बाईले अर्धं तिकीट. केसपेपर १५ ऑगस्ट २०२३ पासून फुकट.

दारव्हेकर: ते आरोग्य खात्याच्या दवाखान्यात. मेडिकल कॉलेजचं खातं वेगळं, तिथं पैसे लागतात. पोराचं तिकीट बी फुल लागते.

लालपरी_फॅन: पाच-दहा रुपयांसाठी भांडतो काय लेका?

कापूसवाला_भाऊ: यवतमाळचंच करा. आणि ते औषध हलवा आधी, मी बी तेच म्हणतो. तरी धंतोलीचा नंबर पाहिजे तं सांगा.

कळंबची_माय: औषध काल रात्रीच जाऊकडं ठेवलं. १४४१६ लावला, पोरगा काही बोलला नाही, मीच बोलली, बोलता बोलता रडू आलं. आज दुपारी विचारलं त्याले, आशाताई म्हणाल्या तसं. पहिले भांडला, मग म्हणे 'येते मनात, पण करत नाही'. यवतमाळले याले नाही म्हणते, तिथं शाळेतलं कोणी दिसन म्हणून. उद्या पहिल्या गाडीनं सेवाग्रामच्या दवाखान्यात नेतो, वर्ध्यात बहीण आहे. आज रात्री मी जागीच आहे.

दारव्हेकर: सेवाग्राम पूर्ण सरकारी नाही बरं, संस्थेचं आहे.

कळंबची_माय: माहीत आहे भाऊ. तो याले तयार आहे ना, बस.

आशाताई_बाभूळगाव: जा ताई. तुमच्याशी जे बोलला ते डॉक्टरले जसंच्या तसं सांगा. डबा सोबत घ्या, ओपीडीत लाइन असते.