बेटावरच्या आपत्तीत पैसे कुणाला? तिथल्या संस्थेला की मोठ्या नावाला?

खाडीकाठ (माहीम)

आमच्या मंडळात एक वाद अडकून पडलाय, म्हणून धागा काढतोय. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळ श्रीलंकेवर आलं. सहाशेहून जास्त माणसं गेली, कँडी, बदुल्ला, नुवारा एलिया भागात दरडींखाली वस्त्या गाडल्या गेल्या. मंडळातल्या काही जणांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढली. ती द्यायची कुणाला? निम्मे म्हणतात, जगभर नाव असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेला द्या, पावती घ्या, विषय संपला. माझं म्हणणं, जी संस्था वादळाआधी तिथे होती आणि कॅमेरे निघून गेल्यावरही तिथेच असणार आहे, तिला द्या.

बेटावर, त्यातही लहान बेटावर, बाहेरचं सामान एक तर पोचतच नाही, नाही तर सगळं एकदम येऊन धक्क्यावर साचतं. २०१५ मध्ये पाम वादळानंतर वानुआतू या पॅसिफिकमधल्या द्वीपदेशात हेच झालं. कुणी न मागितलेल्या वस्तूंचे कंटेनर राजधानी पोर्ट व्हिलाच्या बंदरात महिनोन्महिने पडून होते, आतलं अन्न खराब झालं आणि जागा अडली ती वेगळीच. त्याच देशावर एप्रिल २०२० मध्ये हॅरल्ड वादळ आलं तेव्हा कोविडमुळे सीमा बंद होत्या, परदेशी तज्ज्ञांना यायला बंदी. मदतीचं काम तिथलं सरकार, तिथलीच रेडक्रॉस, चर्च आणि गावच्या प्रमुखांनी उचललं.

दुसरं उदाहरण पोर्तो रिकोचं, कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचं. २०१७ च्या मारिया वादळानंतर पूर्ण बेटावर वीज यायला जवळपास वर्ष गेलं. मृतांचा सरकारी आकडा आधी ६४, नंतरच्या अभ्यासानं तो २,९७५ वर गेला. बरीच माणसं वादळात नव्हे, नंतरच्या महिन्यांत गेली. आदहुंतास या डोंगरातल्या गावात कासा पुएब्लो नावाची संस्था आहे, १९८० पासूनची. खाणींविरुद्धच्या लढ्यातून उभी राहिलेली. तिच्या छपरावर आधीपासून सौर पॅनेल होते. आजूबाजूला अंधार असताना तिथे लोक श्वसनाची यंत्रं चालवायला येत होते. संस्थेनं हजारो सौर कंदील वाटले. हे काम विमानातून उतरलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सुचणं अवघड. कुणाच्या घरी म्हातारं माणूस ऑक्सिजनवर आहे, हे त्याला सांगणार कोण?

श्रीलंकेत सर्वोदय श्रमदान चळवळ १९५८ पासून आहे, गांधी-विनोबांच्या प्रेरणेनं सुरू झालेली, हजारो गावांत पोचलेली. मी तेच नाव सुचवलंय. बोला.

ताळेबंद (मुलुंड)

भावना समजली. आता थोडं रुक्ष बोलतो, धंदाच तो आहे.

मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर मंडळाच्या खात्यातून एक रुपयाही परदेशी पाठवू नका. भारतातल्या न्यासानं भारताबाहेर खर्च केला तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या रकमेवर करसवलत मिळत नाही. तुम्ही 'आपापल्या खिशातून' म्हणालात म्हणून वाचलात. वैयक्तिक पाठवायचे तर बँकेत ए-टू फॉर्म भरून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे व्यक्तीनं परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती काही तुमच्या मंडळाला आड येणार नाही. देणगीवरची करसवलत (८०जी) विसरा, ती फक्त इथल्या संस्थांना दिलेल्या पैशांवर.

आता मूळ मुद्दा. मोठी संस्था निदान लेखापरीक्षित अहवाल छापते. बेटावरच्या गावातल्या संस्थेचा हिशेब तुम्ही माहीममध्ये बसून कसा तपासणार? 'स्थानिक' म्हटलं की प्रामाणिक, असं कुठे लिहिलंय? आपल्याकडे पूर आला की रात्रीत किती 'प्रतिष्ठानं' उगवतात, बघितलंय ना?

चहापोहे

+१ ताळेबंद. पावतीपुस्तक छापायला एक दिवस लागतो.

खाडीकाठ (माहीम)

ताळेबंद, कायद्याची माहिती खरंच उपयोगी, आभार. पण अहवाल छापणं आणि काम होणं यात अंतर असतं. २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेडक्रॉसनं जवळजवळ ५० कोटी डॉलर जमवले. २०१५ मध्ये एनपीआर आणि प्रोपब्लिका या अमेरिकी माध्यमांच्या पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा त्यांना संस्थेनं बांधलेली कायमची घरं सापडली सहा. संस्थेनं बाकीच्या कामांची यादी पुढे केली, ते मान्य. पण सहा! आणि मोठ्या संस्थांनाही हे कळतंच की. २०१६ मध्ये आपत्तीतल्या मदतीवरच्या इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत देणगीदार देश आणि संस्थांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत निधीचा चौथा हिस्सा स्थानिक संस्थांना शक्य तितका थेट देऊ. मुदत उलटून गेली, तो हिस्सा काही पोचला नाही.

दर्यावर्दी (उरण)

आयुष्य जहाजांवर गेलं म्हणून बोलतो. पहिले दहा दिवस संस्था कसली घेऊन बसलात? दित्वाच्या वेळी आपली विमानवाहू युद्धनौका विक्रांत योगायोगानं कोलंबोत होती, तिथल्या नौदलाच्या संचलनासाठी. तिच्यावरची हेलिकॉप्टरं कामाला लागली, भारताची सागरबंधू मदतमोहीम लगेच सुरू झाली. रस्ता तुटलेल्या डोंगरावर माणूस अडकला की दोरखंड आणि हेलिकॉप्टर लागतं, ग्रामसभा नाही. गोडं पाणी बनवणारी यंत्रं, पुलाचे सांगाडे हे कुठल्या गावच्या संस्थेकडे असतं? स्थानिक माणसाचं स्वतःचंच घर वाहून गेलेलं असतं, त्याच्यावर आणखी जगाची सेवा लादायची?

पण एक सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी आणि ९५२ खलाशी भरकटत देवगडच्या किनाऱ्याला लागले. भाषा कळत नाही, अंगावर ओले कपडे. त्यांची पहिली विचारपूस दिल्लीच्या समितीनं नाही केली, बंदरातल्या लोकांनी केली. तेव्हा दोन्ही लागतं. भांडू नका.

जाई (नवी मुंबई)

भांडायलाच तर धागा आहे, दर्यावर्दीकाका!

माझा आक्षेप वेगळा आहे. 'स्थानिक' म्हणजे नेमकं कोण? श्रीलंकेच्या डोंगरात चहाच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर राहतात, ब्रिटिशांनी दक्षिण भारतातून नेलेल्यांचे वंशज. त्यातले बरेच अजून मळ्याच्या 'लाइन'मधल्या खोल्यांत राहतात, जमीन नावावर नाही. दरड कोसळली की 'घर बांधून देऊ' म्हणणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, सातबारा कुठाय? (तिकडे सातबारा म्हणत नसतील, पण प्रश्न तोच.) बहुसंख्याकांच्या संस्थेला हा माणूस दिसेलच याची हमी काय? २००४ च्या त्सुनामीनंतर सरकार आणि तमिळ बंडखोरांची संघटना एलटीटीई यांनी मिळून मदतवाटपाची व्यवस्था करायची ठरवली, २००५ मध्ये करार झाला, त्यातल्या महत्त्वाच्या कलमांना सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि सगळं बारगळलं. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस कधीकधी जास्त निष्पक्ष असतो, निदान त्याला कुणाच्या सोयरिकीची भीड नसते.

नारळीपोफळी

जाई, निकोबारचं बघा मग. तिथे त्सुनामीनंतर बाहेरच्यांनी काय केलं? कार निकोबारमध्ये तुहेत म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, नारळाच्या बागा सगळ्यांच्या मिळून. खांबांवर उभी, गवतानं शाकारलेली गोल घरं, खाली सावलीत डुकरं. त्यांना आधी मिळाल्या पत्र्याच्या खोल्या, त्या उन्हात! नंतर एकेका चौकोनी कुटुंबाला एकाच आराखड्याची घरं, सामान मुख्य भूमीवरून बोटीनं. अवजारं द्या, घर आम्ही बांधतो, असं लोक म्हणत होते.

जाई (नवी मुंबई)

पण तिथे परदेशी संस्था कुठे होती? घरं आपल्याच सरकारनं बांधली. म्हणजे दोष देशी-परदेशीचा नाही, न विचारण्याचा आहे. न विचारणारी माणसं गावातही असतात.

खाडीकाठ (माहीम)

जाई, मळ्यांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, आणि तो मोडून काढायला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यावरून मोठ्या नावाकडे जायचं कारण मिळत नाही. मळ्यांवर आधीपासून काम करणारी एखादी तमिळ संस्था शोधायची, असा त्याचा अर्थ मी घेतो. दर्यावर्दी, पहिले दहा दिवस नौदलाचे, मान्य. आमची वर्गणी अकराव्या दिवसानंतरची आहे. तेव्हा आमचा प्रस्ताव असा: निम्मी रक्कम सर्वोदयला, निम्मी मळ्यांवरच्या संस्थेला, तीही दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता सहा महिन्यांनी, पहिल्याचा हिशेब आल्यावर. आणि कुठल्या कामाला खर्च करायचे हे आपण इथून सांगायचं नाही.

ताळेबंद (मुलुंड)

शेवटचं वाक्य सोडून सगळं चालेल. काम त्यांनी ठरवावं, पण काय ठरवलं ते पैसे जाण्याआधी लेखी कळवावं. एवढी अट कुठल्याही संस्थेचा अपमान करत नाही. आणि सहा महिन्यांनी तुमचं मंडळ मंडपाच्या परवानगीसाठी पालिकेत चकरा मारत असेल, हिशेब मागायचं कुणाच्याही लक्षात राहणार नाही. त्याचं काम कार्यकारिणीकडे देऊ नका, एका माणसाकडे द्या. तारीख ठरवा. माणूस मिळाला नाही तर मी आहे, पण मग कागद माझ्या पद्धतीनं लागतील.