सर्दीसाठी घरी केलेले शॉवर स्टीमर : वड्या फुगतात, वास टिकत नाही, आणि घरात लहान मूल आहे

धुकेरी :

नमस्कार. नाक चोंदलेले असताना गरम पाण्याच्या शॉवरखाली थोडा वेळ उभे राहिले की मोकळे वाटते, आणि त्या वाफेत निलगिरीचा किंवा पुदिन्याचा वास असला तर आणखी मोकळे वाटते. त्यासाठी शॉवर स्टीमर, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीवर ठेवल्यावर पाण्याच्या शिंतोड्यांनी फसफसत विरघळणाऱ्या सुगंधी वड्या, मिळतात हे अनेकांना ठाऊक असेल. विकतच्या वड्यांत रंगच फार आणि उपयोगी वास कमी असे वाटल्यामुळे मी त्या घरी करायला घेतल्या आहेत. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी सायट्रिक ॲसिड, एक वाटी कॉर्नफ्लोर, निलगिरी आणि पेपरमिंट तेलाचे मिळून वीसेक थेंब आणि मिश्रण ओलसर होण्यापुरते पाणी, असे माझे प्रमाण आहे.

अडचण अशी की साच्यात भरलेल्या वड्या रात्रभरात फुगून वर येतात, त्यांना भेगा पडतात आणि साच्यातून काढताना कडा ढासळतात. ज्या नीट निघतात, त्यांचा वास शॉवर सुरू केल्यावर दोनेक मिनिटांतच नाहीसा होतो. तेल सरळ दुप्पट करावे असे मनात येते; परंतु आमच्याकडे दीड वर्षाचे मूल आहे, सासऱ्यांना दमा आहे आणि न्हाणीघर सर्वांचे एकच आहे, त्यामुळे हात आखडतो. कृती कुठे सुधारावी, तेलाची मर्यादा काय ठेवावी आणि या साऱ्याचा सर्दीवर खरोखर कितपत उपयोग होतो, याविषयी जाणकारांनी लिहावे.

साचेबंद :

तुमचे प्रमाण बरोबर आहे; घात पाण्याने केला आहे. सोडा आणि सायट्रिक ॲसिड कोरडे असेपर्यंत एकमेकांशेजारी शांत बसतात, पण पाण्याचा थेंब लागताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. शिवाय या क्रियेतून नवे पाणी तयार होते, ते शेजारच्या कणांना ओले करते आणि ते कणही फसफसू लागतात. म्हणून संध्याकाळी ठीक दिसणारी वडी सकाळपर्यंत फुगून वर येते. जी फसफस शॉवरखाली व्हायला हवी होती ती साच्यातच होऊन गेलेली असते.

पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक फवाऱ्याच्या बाटलीत भरून वापरावे. एक फवारा मारायचा, लगेच हाताने कालवायचे, मग दुसरा फवारा, असे संथपणे करत गेल्यास मिश्रण किल्ले बांधण्याच्या ओलसर वाळूसारखे होते : मुठीत दाबले की गोळा टिकतो आणि बोटाने टोचला की स्वच्छ दोन तुकडे होतात. त्यापुढे एकही फवारा मारू नये. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे जवळपास गॅस, मेणबत्ती किंवा उदबत्ती पेटलेली नसावी आणि खिडकी उघडी असावी. सायट्रिक ॲसिडची धूळ नाकात गेली तर चांगलीच झोंबते, म्हणून चाळताना तोंडावर कापड बांधावे.

सायट्रिक ॲसिड घेताना ते निर्जल आहे ना, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. दुसऱ्या प्रकारच्या स्फटिकांत वजनाच्या साडेआठ टक्क्यांहून थोडे अधिक पाणी बांधलेले असते, आणि वड्यांच्या कामात तेवढेही नको असते. वाट्यांनी मोजण्यापेक्षा वजन करणे केव्हाही चांगले. मी 200 ग्रॅम सोडा, 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि 100 ग्रॅम कॉर्नफ्लोर घेतो. रासायनिक हिशेबाने 100 ग्रॅम ॲसिडला सुमारे 131 ग्रॅम सोडा पुरतो. उरलेला सोडा मुद्दाम जास्त ठेवायचा, म्हणजे जमिनीवर आम्लाचा अंश उरत नाही आणि वडीही सावकाश विरघळते. तुमचा वास लवकर संपण्याचे एक कारण वडी भराभर विरघळणे हेच असावे. साचा थोडा थोडा भरत, प्रत्येक थर अंगठ्याने जोर लावून दाबत गेलात तर फरक लगेच दिसेल.

पावसाळी, दमट दिवशी हे काम काढूच नये. वड्या चोवीस तास कोरड्या खोलीत उघड्या ठेवाव्यात आणि मग एकेक गुंडाळून हवाबंद डब्यात भराव्यात. वाळण्याची घाई करून ओव्हनमध्ये ठेवणारे पाहिले आहेत, पण उष्णतेने सोड्याचे विघटन होऊ लागते आणि तेलही उडून जाते, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

खल_बत्ता :

कृतीविषयी वर नेमके लिहिले गेले आहे, त्यामुळे मी वासाकडे वळतो. औषधनिर्माणाचा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे.

नाक चोंदते ते केवळ शेंबडाने असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक नाकाच्या आतील अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजते आणि वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही. मेंथॉल, म्हणजे पेपरमिंट तेलातला गारवा देणारा घटक, ही सूज उतरवत नाही. थंडीची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंवर टीआरपीएम 8 नावाचे ग्राहक, म्हणजे थंडी टिपणारी प्रथिने, असतात, मेंथॉल त्यांना चाळवते आणि मेंदूला थंड हवा मुबलक आत येत असल्याचा संदेश जातो. यंत्राने मोजले तर नाकातून जाणाऱ्या हवेत लक्षणीय फरक आढळत नाही, पण रुग्णाला मात्र मोकळे वाटते. हे मोकळे वाटणे मी कमी लेखत नाही, कारण सर्दीच्या रात्री झोप लागण्यापुरते तेवढेही पुष्कळ असते. फक्त त्याला उपचार म्हणू नये.

आता तुमच्या दोन मिनिटांचा मुद्दा. वास संपला असे वाटते तेव्हा तो प्रत्येक वेळी संपलेलाच असतो असे नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याला सरावते. त्यातच सर्दीमुळे गंधकण नाकाच्या वरच्या भागातील गंधपटलापर्यंत पोहोचतच नाहीत. मेंथॉलचा गारवा वेगळ्या चेतेमार्गे, म्हणजे चेहऱ्याच्या स्पर्श-वेदनांची वार्ता नेणाऱ्या त्रिशाखी चेतेमार्गे, जाणवतो, म्हणून गंध न कळणाऱ्यालाही गारवा कळतो. यातून निघणारा व्यावहारिक नियम महत्त्वाचा आहे : चोंदलेल्या नाकाने तेलाचे प्रमाण ठरवू नये. ज्याला सर्दी नाही अशा माणसाला न्हाणीघराच्या दाराशी उभे करावे, आणि त्याच्या डोळ्यांना झोंबले तर प्रमाण जास्त आहे असे समजावे.

वरच्या 400 ग्रॅम मिश्रणाला 4 मिलिलिटर निलगिरी तेल आणि फार तर 4 ग्रॅम मेंथॉलचे खडे पुरेत. थेंब मोजण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक बाटलीचे तोंड वेगळे असते. सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे. मेंथॉल साधारण 42 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. खडे काचेच्या लहान भांड्यात तेलातच टाकून ते भांडे गरम पाण्यात धरले की पुरे, थेट आचेची गरज नाही. हे करताना चेहरा भांड्यावर नेऊ नये, हातमोजे घालावेत आणि डोळ्यांना हात लावू नये. तेल आधी कॉर्नफ्लोरमध्ये मुरवून, चाळून, मग सोडा आणि शेवटी ॲसिड मिसळल्यास तेलाच्या गुठळ्या राहत नाहीत.

वडी ठेवण्याची जागाही पाहावी. थेट धारेखाली ठेवलेली वडी वाहून जाते आणि तेल वाफेत मिसळण्याऐवजी मोरीत जाते. केवळ शिंतोडे पोहोचतील अशा कोपऱ्यात, जाळीच्या बशीत ठेवली तर ती पुष्कळ जास्त वेळ टिकते.

रात्रपाळी :

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून तेवढ्याच भागाबद्दल लिहिते, पण तो थोडा कडक वाटला तरी वाचावा.

दीड वर्षाच्या मुलासाठी या वड्या नाहीत, सौम्य करूनही नाहीत. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांच्या नाकाशी मेंथॉलचा तीव्र वास आला तर स्वरयंत्र आकसून श्वास अडखळू शकतो. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. निलगिरीचे तेल चमचाभर जरी पोटात गेले तरी लहान मुलाला गुंगी, झटके आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. त्यातही तुमच्या वड्या साच्यातून काढलेल्या, पांढऱ्याशुभ्र आणि सुवासिक असणार. मुलाच्या दृष्टीने ती मिठाई आहे. वड्या, तेलाची बाटली आणि मेंथॉलचे खडे या तीनही गोष्टी उंच जागी आणि कुलपात ठेवाव्यात. नुसते उंच पुरत नाही, कारण मुले चढतात. कोणी चाटली किंवा गिळली तर उलटी करवू नये, बाटली किंवा वडी सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठावे.

दम्याच्या बाबतीत माणसामाणसांत फरक असतो. काहींना या वासाने काही होत नाही, काहींना मात्र तीव्र वासानेच श्वासनलिका आकसून धाप लागते. सासऱ्यांवर प्रयोग करून पाहण्याची जागा बंद न्हाणीघर ही नव्हे. एकच न्हाणीघर असल्यामुळे क्रम पाळावा : मूल आणि सासरे आधी आंघोळ करून घेतील, सर्दी झालेली व्यक्ती शेवटी जाईल, आणि नंतर फरशी धुऊन, खिडकी व पंखा चालू ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत दुसऱ्या कोणी आत जाऊ नये. घरात मांजर असेल तर तिलाही लांब ठेवावे, मांजरांच्या यकृताला यांतील अनेक घटकांचा निचरा नीट करता येत नाही.

फरशीबद्दल मुद्दाम लिहिते. तेल, कॉर्नफ्लोर आणि पाणी मिळून जो थर बसतो तो निसरडा असतो, आणि सर्दीतापाने आधीच अशक्त झालेला माणूस त्यावरून घसरतो.

नुसते_पाणी :

वरचे सारे वाचल्यावर एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडतो. गरम, दमट हवा श्वासावाटे घेण्याचा सर्दीवर काय परिणाम होतो याचा कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा 2017 मध्ये अद्ययावत झाला, आणि त्यातही ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. नाक मोकळे करायचे तर उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे हा उपाय अधिक साधा आहे, आणि त्यात मेंथॉलही नाही, कापूरही नाही.

खल_बत्ता :

आढाव्याबद्दल तुमचे म्हणणे योग्य आहे, आणि मिठाच्या पाण्याबद्दलही. तरीही मी स्टीमरच्या बाजूने एक गोष्ट मांडेन. वाफारा घेण्यासाठी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर टॉवेल पांघरून वाकण्याची पद्धत घरोघरी आहे आणि ते भांडे कलंडून भाजल्याच्या, विशेषतः मुले भाजल्याच्या, घटना सर्वत्र घडतात. फायदा दोन्हीकडे सारखाच मर्यादित असेल, तर निदान उकळत्या पाण्याचे भांडे मांडीजवळ नसलेला मार्ग मला बरा वाटतो. आंघोळ आपण एरवीही करतोच.

धुकेरी :

सर्वांचे मनापासून आभार. तेल दुप्पट करण्याचा विचार सोडला आहे आणि आंघोळीचा क्रम आजपासूनच बदलतो आहोत. दोन शंका राहिल्या. मेंथॉलच्या जोडीला थोडा कापूर घालावा असे एका मैत्रिणीने सुचवले आहे, त्याविषयी काय मत आहे? आणि फुगून बिघडलेल्या वड्या डबाभर पडल्या आहेत, त्या टाकूनच द्याव्यात का?

खल_बत्ता :

कापूर घालू नये. मुलाचे कारण वर आलेच आहे. शिवाय मेंथॉल आणि कापूर हे दोन्ही घन पदार्थ एकत्र आले की खोलीच्या तापमानालाच त्यांचा द्रव होतो, कारण मिश्रणाचा वितळणबिंदू दोघांच्याही वितळणबिंदूंपेक्षा बराच खाली येतो. ते वडीत गेल्यास वडी मऊ राहते आणि डब्यात पाझरते. मैत्रिणीच्या वड्या घट्ट होत असतील तर कापराचे प्रमाण नगण्य असावे.

साचेबंद :

बिघडलेल्या वड्या टाकू नयेत. त्यांतली फसफस बरीच गेली असली तरी वास वाफेत नेण्याचे काम मुख्यतः गरम पाणी आणि ऊब करते. फसफस वडी फोडून नवा पृष्ठभाग उघडा करण्यापुरती मदत करते. त्या कुटून भुगा करावा, हवाबंद बरणीत भरावा, आणि वापरताना दोन मोठे चमचे भुगा जाळीच्या बशीत घेऊन त्यावर निलगिरीचे पाच-सहा थेंब ऐन वेळी सोडावेत. साठवणीत तेल उडून जाण्याचा प्रश्न यात येत नाही, त्यामुळे काही जण मुद्दाम बिनवासाच्या वड्या करून ठेवतात आणि तेल आयत्या वेळी घालतात. तुमच्या घरी मूल असल्यामुळे मला तर हीच पद्धत अधिक सोयीची वाटते, कारण मग कुलपात ठेवण्यासारखी वस्तू तेलाची एक बाटलीच उरते.

रात्रपाळी :

बिनवासाची वडीसुद्धा मुलाच्या हाती लागू देऊ नये, सायट्रिक ॲसिड तोंडात आणि डोळ्यांत झोंबते. आणि सर्दी दहा दिवसांहून अधिक टिकली, ताप चढत राहिला, चेहऱ्याच्या एका बाजूला ठणका लागला किंवा श्वास घ्यायला कष्ट पडू लागले, तर स्टीमर बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. सासऱ्यांच्या बाबतीत धाप वाढली तर दहा दिवस थांबूही नये.