कुडाची भिंत लिंपणारं कुणी माहीत आहे का?

नमस्कार मंडळी. पेठ तालुक्यात मामाचं कारवीच्या कुडाचं घर आहे. यंदाच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीचं लिंपण खालून हातभर सुटलं, आतल्या कारव्या उघड्या पडल्यात. गवंडी म्हणतो सिमेंट मारा. मला अजिबात पटत नाही. सिमेंटमागे ओल कोंडते आणि कारवी कुजते. लाल माती, शेण, भाताचं तूस, असंच लिंपायचंय. वर गेरू, आणि मामेबहिणीच्या लग्नाला तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र. आम्हा वारल्यांत तो सुवासिनीच लिहितात, तेव्हा नाशिकहून पेंटर नको. पण लिंपणारे हात आता गावात उरले नाहीत. सुरगाणा, हरसूलकडे कुणी आहे का? पिठात बाभळीचा डिंक किती घालायचा, तेही सांगा. लग्न वैशाखात आहे.