मदत हवी आहे: लंडनच्या 'जॉर्ज इन'चे लाकडी सज्जे

नमस्कार मंडळी. भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या कामासाठी तिने लंडनच्या सदर्कमधलं 'जॉर्ज इन' निवडलंय आणि मॉडेल बनवायचं काम अर्थातच मामाच्या गळ्यात!

ही मूळची घोडागाड्यांची सराई. १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, आज नॅशनल ट्रस्टच्या मालकीची, आणि पब अजून चालू. पूर्वी अंगणाच्या तीन बाजूंनी इमारत होती. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने दोन बाजू पाडल्या, आता फक्त दक्षिणेची उरलीय. (असलं काही वाचलं की पाडलेले वाडे आठवतात, असो.) लंडनमध्ये सज्जे असलेली अशी सराई ही एवढी एकच शिल्लक आहे, म्हणून तर तिचा हट्ट.

आमचं घोडं अडलंय सज्जांपाशी. एकावर एक दोन सज्जे आहेत, पण आमच्याकडच्या प्रत्येक फोटोत खाली छत्र्या, बाकडी आणि बिअरचे ग्लास घेतलेली माणसं! खालचा सज्जा भिंतीतून बाहेर काढलेल्या तुळयांवर तोललाय, की त्याला जमिनीपासून खांब आहेत? आणि वरच्याचा भार नेमका कशावर येतो? पुठ्ठ्याचा सज्जा दोनदा वाकला, म्हणून विचारतोय.

लंडनकर मंडळींपैकी कुणी लंडन ब्रिज स्टेशनकडे जाणार असेल, तर सज्जाखाली उभं राहून वर बघत दोन-तीन फोटो काढाल का? सकाळी गर्दी नसताना मिळाले तर फारच उत्तम. सबमिशन पुढच्या सोमवारी आहे.