मदत हवी: लॉनमोअरचं (गवत कापायच्या यंत्राचं) इंजिन गो-कार्टला (छोट्या उघड्या रेसिंग गाडीला), स्पार्क प्लग तेलाने भिजतोय. अर्जंट!

भांडुपवाला: भंगारातली लॉनमोअर इंजिनं घेऊन, थोडे बदल करून फार्महाऊसवाल्यांना गो-कार्टसाठी विकायची आहेत. पहिलं गिऱ्हाईक कर्जतचं, शनिवारी डिलिव्हरी. इंजिन बाकावर मस्त चालतं. कार्टला बसवलं की पांढरा धूर, प्लग तेलाने चिंब आणि बंद. पिस्टनच्या रिंग नव्या आहेत. लवकर सांगा.

टर्नर_फिटर: कुठलं इंजिन? किती सीसी? गव्हर्नर, म्हणजे स्पीड आवरणारा भाग, काढलाय का?

भांडुपवाला: होंडा, १६० च्या आसपास. गव्हर्नर काढला, स्पीड नको का?

रेसिंगवेडा: बरोबर केलंत. कार्ब्युरेटरला मोठा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) टाका, फ्री-फ्लो सायलेन्सर लावा.

टर्नर_फिटर: अहो, काय सल्ले देताय! या इंजिनाची ताकद ३६०० आरपीएमवर मोजलेली असते. आतला पिस्टनचा रॉड ॲल्युमिनियमचा, फ्लायव्हील ओतीव. गव्हर्नरशिवाय पळवलं तर रॉड केसिंग फोडून बाहेर येईल. गिऱ्हाइकाचं पोरगं बसणार आहे त्यावर.

रेसिंगवेडा: माझं कधी फुटलं नाही.

आंबेवाला: कार्ट सोडा. कोकणात बागेतलं तण काढायला माणूस मिळत नाही. तण काढायचे पॉवर वीडर रिपेअर करा, जास्त चालेल.

सोसायटी_सेक्रेटरी: विषय निघालाच आहे म्हणून, आमच्या ठाण्याच्या सोसायटीला इलेक्ट्रिक मोअर घ्यावा का?

कायदेपंडित: रस्त्यावर आणू नका. मोटार वाहन कायद्यातली पंचवीस सीसीपर्यंतची सूट चार चाकांना नाही.

भांडुपवाला: रस्त्यावर कोण आणतंय? धुराचं बोला!!

नागदेवी_रिटायर्ड: शाफ्ट खाली येतो की बाजूला?

भांडुपवाला: खाली. ब्लेडचाच ना तो. चेन जोडायची म्हणून इंजिन आडवं टाकलंय.

नागदेवी_रिटायर्ड: मग इतका वेळ भलतंच काय बोलत होतो आपण! उभ्या शाफ्टच्या इंजिनात तळाशी स्लिंगर नावाचं फिरतं चाक तेल उडवतं. आडवं केलंत की तेल सिलिंडरकडे आणि ब्रीदरकडे (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेकडे) जातं, वर वंगण पोचत नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही बिघडतो. पंप किंवा जनरेटरचं आडव्या शाफ्टचं घ्या, होंडाच्या जीएक्स१६० सारखं. आणि गव्हर्नर परत बसवा.

भांडुपवाला: नाहीतर उभंच ठेवून राइट-अँगल (फिरणं काटकोनात वळवणारा) गिअरबॉक्स लावला तर?

नागदेवी_रिटायर्ड: लावा, पण त्याच्या पैशात दुसरं इंजिन येईल. मुंबईत नागदेवीच्या मशिनरी बाजारात सेकंडहँड पंप बघा, दुपारनंतर जा. दोरी हाताने ओढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोसायटी_सेक्रेटरी: आमचं राहिलंच. वायरवाला की बॅटरीवाला?