मदत हवी आहे: बॉल दोघींच्या हातात, मग ट्रॅव्हलिंग कसे? (बास्केटबॉल)

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची. मुलगी शाळेच्या चौदा वर्षांखालच्या संघात बास्केटबॉल खेळते आणि सध्या जेवणाच्या ताटावरही आमच्याकडे हाच वाद चालू असतो. आमच्या गोव्यात फुटबॉलचा ऑफसाइड कोणीही झोपेतून उठून समजावून देईल, पण बास्केटबॉलचा नियम विचारला की सगळे छताकडे बघतात. म्हणून इथे विचारते.

आंतरशालेय सामना, शेवटची काही मिनिटे. आमची एक मुलगी रिंगखाली बॉल घेऊन शॉटसाठी उडाली. समोरचीनेही उडी मारली आणि बॉलवर पंजा रोवला. बॉल सुटलाच नाही. दोघी तो धरूनच खाली आल्या, पाय जमिनीला टेकले आणि शिट्टी. पंचांनी छातीसमोर दोन्ही मुठी गोल फिरवल्या. म्हणजे ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून नियमाबाहेर पाय हलवणे), बॉल समोरच्यांना. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला मला तरी हुबेहूब तसेच दिसले, आणि या वेळी पंचांचे दोन्ही अंगठे वर! हेल्ड बॉल, म्हणजे बॉल दोघींच्या हातात अडकला. गॅलरीत "कितें हें?" सुरू झाले ते सामना संपेपर्यंत.

आणखी एक. बॉल घरंगळत चालला होता, आमच्या मुलीने त्यावर झेप घेतली, पोटावर घसरत गेली, बॉल वाचवायला कुशीवर लोळली, तेवढ्यात दुसरीने तो पकडला. इथेही ट्रॅव्हलिंग. जी मुलगी जमिनीवर पडली आहे ती 'चालली' कशी?

पंचांवर राग नाही, नियम समजून घ्यायचा आहे. कारण रविवारी कॉलनीतल्या मुलांचे सामने असतात आणि "काकी, तुम्हाला नियम माहीत आहेत ना" म्हणत शिट्टी माझ्याच गळ्यात अडकवली आहे. पंच नेमके आधी काय बघतो?

---

डिचोलीकर:
सोपे आहे ताई. समोरच्याचा हात बॉलला लागला की ट्रॅव्हलिंग संपले. आम्ही शाळेत असेच खेळायचो.

---

शिट्टीवाला:
डिचोलीकर भाऊ, नुसता हात लागून भागत नाही. हा गैरसमज मैदानामैदानावर आहे आणि निम्मी भांडणे त्यातूनच होतात.

ताई, आपल्याकडे शालेय सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात, म्हणून त्यातलेच सांगतो. दोन्ही संघांतल्या खेळाडूंचे हात, एक किंवा दोन, बॉलवर इतके घट्ट बसले आहेत की धसमुसळेपणा केल्याशिवाय तो कोणालाच मिळणार नाही, तर हेल्ड बॉल. सगळी मेख त्या 'घट्ट'मध्ये आहे.

म्हणून रिंगखाली पंच आधी हात बघतो, पाय नंतर. नवीन पंच उलटे करतात. ट्रॅव्हलिंग पकडायचे म्हणून नजर बुटांवर, आणि वर कोणाचा पंजा कुठे बसला ते निसटते.

आता उडी मारलेली तुमची मुलगी घ्या. बॉल हातात ठेवून पिव्होट पाय (ज्यावर उभे राहून वळतात तो, जमिनीला रोवलेला पाय) उचलता येतो, उडीही मारता येते, पण बॉल सुटण्याआधी कोणताही पाय परत टेकता कामा नये. टेकला की ट्रॅव्हलिंग. समोरचीचा हात बॉलला चाटून गेला, फट्ट असा आवाजही आला, पण बॉल हिच्याच ताब्यात राहिला आणि ही तो घेऊन खाली आली, तरी ट्रॅव्हलिंगच. हात लागणे ही सबब नाही. मात्र समोरचीने बॉल घट्ट धरला आणि दोघी तो तसाच धरून उतरल्या, तर हेल्ड बॉल. मग हिचे पाय कसे टेकले, किती टेकले, हा प्रश्नच उरत नाही. आणि फटक्याने बॉल हातातून उडालाच, तर दोन्ही नाही. ताबा सुटला, खेळ चालू. हिनेच धावत जाऊन तो परत पकडला तर नव्याने ड्रिबलसुद्धा (बॉलचे टप्पे मारत जाणे) करता येते.

तुम्ही सांगता तसेच घडले असेल तर पहिला निर्णय हेल्ड बॉलचा हवा होता. पण गॅलरीतून दोन हात दिसतात आणि पंचाच्या कोनातून एक पाठ दिसते. पंच दोघींच्या मधली फट दिसेल असा बाजूला सरकला नसेल, तर तो अंदाजाने वाजवतो.

जमिनीवरच्या प्रसंगात मात्र पंच बरोबर. पडून घसरणे चालते, कितीही लांब घसरली तरी. पडल्या पडल्या बॉल मिळवणेही चालते. पण बॉल हातात धरून लोळली किंवा उठायला गेली की ट्रॅव्हलिंग. दुसरीचे हात लोळण्याआधी घट्ट बसले असते तर हेल्ड बॉल. आधी काय घडले यावर सगळे ठरते. मुलीला एक गोष्ट मात्र शिकवा: जमिनीवरूनच पास देता येतो, आणि पडल्या जागीच ड्रिबल सुरू करून उठले तर काहीही चूक नाही. ही गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते.

---

माडाखाली:
यूट्यूबवर एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, बघून मुलांचा वेगळाच गोंधळ होतो. तिथे हेल्ड बॉलला खरोखर दोघांमध्ये बॉल उडवतात.

---

शिट्टीवाला:
बरोबर. फिबाने 2003 पासून ते बंद केले. आता फक्त सामन्याच्या सुरुवातीला बॉल उडवतात, नंतर स्कोअररच्या टेबलावरचा बाण ज्या संघाचा, त्याला बॉल, आणि मग बाण दुसऱ्या संघाकडे फिरतो. म्हणूनच पंच अंगठे वर केल्यावर लगेच एका दिशेला बोट दाखवतो. हेल्ड बॉल मिळाला म्हणजे बॉल आपल्याकडेच राहील असे नाही. बाण समोरच्यांचा असेल तर ट्रॅव्हलिंगसारखाच तो हातचा जातो.

---

फोंड्याची (धागाकर्ती):
शिट्टीवाला सर, खूप धन्यवाद. आता कॉलनीचा प्रश्न. लहान मुले बॉल धरून नुसती ओढाताण करतात. ज्याच्याकडे बॉल होता तो मुलगा ओढला जाऊन चार पावले पुढे येतो आणि सगळे "स्टेप्स, स्टेप्स" म्हणून ओरडतात. मी काय द्यायचे?

---

शिट्टीवाला:
ओरडणाऱ्यांकडे कान बंद. दोघांचे हात आधीच घट्ट बसले होते ना? मग त्याच क्षणी हेल्ड बॉल झाला होता, ती चार पावले तुमची शिट्टी उशिरा वाजल्यामुळे पडली. त्याची शिक्षा मुलाला नको.

लहान मुलांत ही शिट्टी लवकर वाजवा. उशीर झाला की कोपर फिरते, मग कोणीतरी खाली आपटते. पण लवकर म्हणजे एक बोट लागले की फुर्र, असेही नको. माझी खूण सांगतो: बॉल दोघांच्या मधे अडून थांबला, दोघांच्याही बोटांची पेरे पांढरी दिसली, की वाजवा. हिसका देताना बॉलऐवजी मनगटावर किंवा दंडावर हात पडला तर फाउल, तिथे अंगठे वर करून सुटका करून घेऊ नका. आणि समोरच्याचा हात बॉलवर नाहीच, नुसता अंगावर येतो म्हणून बॉलवाला गांगरून पाय सरकवतो, तर ते सरळ ट्रॅव्हलिंग.

---

फोंड्याची (धागाकर्ती):
कळले. पण आमच्याकडे टेबल आहे, बाण कुठला?

---

शिट्टीवाला:
पाण्याची बाटली आडवी ठेवा. सुरुवातीच्या उडीनंतर ज्यांना बॉलचा पहिला ताबा मिळाला नाही, त्यांचा पहिला बाण. बाटलीचे तोंड ते ज्या रिंगवर बास्केट करणार तिकडे. हेल्ड बॉल झाला की त्यांना थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणे), आणि आत आलेला बॉल मैदानातल्या कोणत्याही खेळाडूला लागला की बाटली फिरवा. शिट्टी वाजल्याबरोबर फिरवाल तर पाच मिनिटांनी कोणाचा बाण होता यावर भांडण ठरलेले. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हाही बाटली उलटी करायला हवी. हे काम टेबलावर बसलेल्या एकाच मोठ्या माणसाकडे द्या, आणि त्याला त्या बाटलीतले पाणी पिऊ देऊ नका.